पोटाला भोक असलेले अकरा प्राणी

पूर्वी टूथपेस्टच्या खोक्यात एक प्लास्टिकचा प्राणी निघायचा. करंगळीच्या पेराएवढा. हत्ती, उंट, माकड, मासा, काहीही. तो असली आहे की कोणी मागाहून ओतलेली नक्कल आहे, हे मी एका मिनिटात सांगते. लोक मला लांबलांबून फोटो पाठवतात आणि मी सांगितलं की वाद संपतो. हे मी शेखी मिरवायला सांगत नाही. त्या शेखीपायी काय करून बसले ते सांगायचं आहे. माझ्या सख्ख्या दादाने मी लहान असताना माझ्यासाठी स्वतःच्या हाताने अकरा प्राणी केले होते. मी ते त्याच्यासमोर नकली ठरवले, तापवलेल्या सुईने त्यांच्या पोटाला भोकं पाडली आणि देऊन टाकले. ते त्याने केलेत हे मला माहीत नव्हतं. पण ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायचीसुद्धा आता लाज वाटते, कारण कळण्यासारखं सगळं माझ्या नाकासमोर होतं.

आम्ही अकोल्याचे, जुन्या शहरातले. दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि अंगण म्हणाल तर गल्लीच. मी चार वर्षांची असताना बाबा गेले. माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. तो मोर्णेच्या पुलापलीकडे दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका माणसाकडे कामाला होता. मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि काम सगळं दादा करायचा. म्हाताऱ्याच्या तोंडाचा साचा घ्यायचा, तो प्लास्टरमध्ये उतरवायचा, गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवून हिरड्या ओतायच्या, त्यात दात बसवायचे आणि मग घासत बसायचं, जिभेला कुठे टोचणार नाही इतकं. तो घरी आला की त्या लिक्विडचा वास आधी घरात शिरायचा. गोडसर, पण नाकात चढणारा. माय रोज म्हणायची, “पयले शर्ट काढ, मंग ताटावर बस.”

आता गंमत पाहा. घरात दात बनवणारा माणूस, आणि आम्ही दात घासायचो राखुंडीने. टूथपेस्ट आमच्या घरात येतच नव्हती. ती यायची शेजारी, कंपाउंडरच्या घरी. त्याची मुलगी माझ्याच वयाची. तिने ते प्राणी खिडकीच्या पट्टीवर एका रांगेत मांडले होते आणि रोज सकाळी ती त्यांची तोंडं फडक्याने पुसायची. मी खिडकीखाली उभी राहून बघायची. मी काही रडकी नव्हते, भांडखोर होते. एक दिवस तिचा हत्ती मी मुठीत धरला तो सोडेचना. शेवटी मायने दोन धपाटे घालून माझी मूठ उघडली. मग मात्र मी जे भोकाड पसरलं ते दादा कामावरून येईपर्यंत चालू होतं.

“कायले रडून राहिली वं?” दादाने विचारलं.

“मले हत्ती पाह्यजे.”

पुढच्या आठवड्यात त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत हत्ती. गुलाबी, चकचकीत.

“आमच्या मालकाच्या घरी टूथपेस्ट वापरतेत,” तो म्हणाला. “त्यांच्या पोट्ट्यांले नाई आवडत हे. तुले घेऊन आलो.”

त्यानंतर एकामागून एक येत गेले. माकड, उंट, मासा, ससा, रोही म्हणजे नीलगाय. कंपाउंडरच्या मुलीकडे जो असेल, तोच आठ-पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचा. मालकाच्या घरचं खोकं दर वेळी नेमकं तिच्यासारखंच कसं निघतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. सात वर्षांच्या पोरीला हवं ते मिळालं की ती कशाला चौकशी करते! अकरा झाले तेव्हा मी त्यांची गल्लीतल्या विहाराच्या पायरीवर मिरवणूक काढली होती. कंपाउंडरची मुलगी बाजूला बसून बघत होती. ती एकदाच म्हणाली, “तुझा हत्ती जरासा बारका आहे.” मी तिची वेणी ओढली. ती पुन्हा त्यावर काही बोलली नाही.

पुढे माझं शिक्षण दादाने केलं. माय गेली, दादाचं लग्न झालं, मालक म्हातारा झाला आणि त्याचं दुकान दादाच चालवू लागला. मी लॅब टेक्निशियन झाले आणि अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात लागले. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहे. आपल्याकडे मलेरियाच्या मुख्य दोन जाती, काचेवर नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात, नवीन पोरं हमखास चुकतात. मी चुकत नाही. डॉक्टरसुद्धा दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट आला की म्हणतात, जरा मॅडमला दाखवून आणा. आणि माझं तोंड कसं आहे ते दवाखान्यात कोणालाही विचारा. चुकलं तर चुकलं म्हणते. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून बरोबर म्हणायची सवय मला नाही.

प्राण्यांचा नाद लागला तो पंचेचाळिशीनंतर. फोनवर एक ग्रुप आहे, जुनी खेळणी जमवणाऱ्यांचा. नागपूर, अकोट, खामगाव, कुठले कुठले लोक. मी त्यात शिरले आणि दोन वर्षांत त्यांची पंच झाले. कारण भानगड अशी आहे की त्या प्राण्यांच्या नकला भलत्याच झाल्या. काही त्याच काळात जत्रेत विकल्या गेल्या, काही अलीकडे लोकांनी मुद्दाम ओतून जुन्या म्हणून गळ्यात मारल्या. दिसायला सारख्याच.

मी कसं ओळखते? पहिलं म्हणजे आकार. असलीवरून साचा घेऊन ओतलं की वस्तू थोडी आटते, म्हणून नक्कल नेहमी केसभर लहान असते. दुसरं, कारखान्याच्या मालाला पाठीवरून एक बारीक रेघ जाते, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे. तिसरं, हाताने ओतलेल्यात हवेचे बुडबुडे राहतात, भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे दिसतात. चौथं, वजन. पाचवं, डोळे, नकलेत डोळे बोथट येतात. हे सगळं मी लिहून ग्रुपवर टाकलं होतं आणि लोकांनी ते जपून ठेवलं आहे.

आणखी एक पद्धत मीच पाडली. पातूरच्या एका नवीन पोरीला कोणीतरी सात नकली प्राणी असली म्हणून दिले आणि ती बिचारी ग्रुपवर आनंदाने फोटो टाकत बसली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, यापुढे नकली ठरला की तिथल्या तिथे त्याच्या पोटाला तापवलेल्या सुईने भोक पाडायचं, म्हणजे तो पुन्हा असली म्हणून कोणाला खपवता येणार नाही. सगळ्यांनी मान्य केलं. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी दादा आणि वहिनी माझ्याकडे आले. दादाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं पुढे ढकललं, म्हणून आठ-दहा दिवस त्यांना ठेवून घेतलं. त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या ग्रुपचं अमरावतीत जमायचं ठरलेलं. आदल्या दिवशी दुपारी मी माझे डबे काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. सगळ्यात तळाशी माझा लहानपणचा डबा होता, बिस्किटांचा पत्र्याचा. इतकी वर्षं मी दुनियेचे प्राणी तपासले, पण हे अकरा कधी भिंगाखाली घातले नव्हते. आपलेच म्हणून विश्वास. शिवाय मनात होतं की उद्या हेच मिरवायचे. लहानपणापासूनचे, एकाच हातात राहिलेले, असं कोणाकडे असतं?

हत्ती भिंगाखाली घेतला. मग माकड. मग बाकीचे. पाच मिनिटांत मी खुर्चीला टेकून बसले.

“दादा,” मी म्हटलं, “तुझ्या मालकाने तुला फसवलं रे. हे अकराच्या अकरा नकली आहेत.”

दादा समोर बसला होता, डोळ्याला हिरवं कापड, हातात चहाचा कप. “कायच्यावरून?” तो म्हणाला.

झालं! मला तेवढंच हवं होतं. मी त्याला भिंग दिलं, उघड्या डोळ्याने बघ म्हटलं आणि एकेक शिकवायला लागले. हा बघ असली हत्ती, हा तुझा. किती लहान आहे बघ. हे बुडबुडे बघ, घाईघाईत ओतलेला माल आहे. दादा एकेक प्राणी हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन बघत होता. मधूनमधून विचारत होता. बुडबुडे कशाने राहतात? डोळे बोथट कशाने येतात? मला वाटलं, चला, निदान दादाला तरी माझ्या कामात रस आहे.

“आणि ही पाठ बघ,” मी म्हटलं. “रेघच नाही. म्हणजे ज्याने कोणी केलं त्याने नक्कल लपवायला ती घासून काढली.”

दादा अंगठा हत्तीच्या पाठीवरून फिरवत होता. “लपवायलेच घासलं असन असं काई नाई,” तो म्हणाला. “लहान लेकराच्या हाताले टोचू नये मनूनबी घासलं असन एखाद्यानं.”

मी हसले. मोठ्याने हसले. “दादा, नक्कल करणाऱ्याला कोणाच्या हाताची कशाला पडलीय!”

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “ताई, अवो पण ते...” तेवढ्यात दादा तिला म्हणाला, “मले पानी आन वं जराकसं.” ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पाणी आणायला आत गेली.

मी गॅस पेटवला, सुई सांडशीत धरून लाल केली. नियम म्हणजे नियम. माझे झाले म्हणून सोडायचे का? उलट उद्या सगळ्यांना सांगता येईल की मी माझेसुद्धा सोडले नाहीत. पहिलं भोक हत्तीला पाडलं. धूर निघाला आणि एक वास आला. गोडसर, नाकात चढणारा.

“पाहिलंस?” मी म्हटलं. “वाससुद्धा वेगळा आहे. असली प्लास्टिकचा असा येत नाही.”

“हो,” दादा म्हणाला. “वेगळा हाये.”

हे लिहिताना हात थांबतो माझा. मायने रोज ज्या शर्टामुळे दादाला ताटावरून उठवलं, त्याच शर्टाचा वास होता तो. माझ्या सगळ्या बालपणाचा वास. मी नाकाने तो घेतला आणि पुरावा म्हणून नोंदवला! तीस वर्षं म्हणे मॅडमची नजर चुकत नाही. अगं बाई, नजर गेली चुलीत, तुला नाक नव्हतं का?

अकरा भोकं पाडून झाली. दादाने विचारलं, “मंग आता काय करशीन ह्याइचं?”

“देऊन टाकते. अकोटच्या सरांना नकला हव्याच आहेत, नवीन लोकांना शिकवायला.”

त्याने हातातला हत्ती टेबलावर बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. “दे मंग,” म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “भल्ली बारीक नजर हाये वं तुही.” आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. संध्याकाळी जेवताना नेहमीसारखा होता. वहिनी माझ्याशी तुटक बोलत होती, पण मला वाटलं, दवाखान्याच्या धावपळीने दमली असेल.

अकोटचे सर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अगदी सज्जन माणूस. रविवारी त्यांनी अकराही प्राणी घेतले आणि मला बदल्यात एक असली रोही दिला, माझ्या संग्रहात तो नव्हता. मी दोन महिने तो रोही दवाखान्यात सगळ्यांना दाखवत होते.

मग दिवाळीनंतर मी अकोल्याला गेले. दादा आता दुकान बंद करत होता. एका डोळ्यावर काम होत नाही म्हणाला. दुकानातलं सामान घरी आणून माळ्यावर टाकलेलं होतं आणि मी वहिनीला म्हटलं, मी आवरून देते. दादा बाहेर गेला होता. पोत्यांमागे एक लाकडी खोकं निघालं. त्यात प्लास्टरचे तुकडे, जोडी-जोडीने सुतळीने बांधलेले. मला वाटलं, कोणाच्या कवळीचे साचे असतील. एक जोडी सोडली. आत दाताचा आकार नव्हता. एक खळगा होता, लहानसा, चार पाय आणि वर सोंड.

वहिनी स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होती. मी खाली उतरले, परातीतली चिमूटभर कणीक घेतली आणि त्या खळग्यात दाबली. वर दुसरा तुकडा ठेवून दाबला, उघडला. तळहातावर कणकेचा हत्ती पडला.

वहिनीने हात थांबवले. “आता समजलं का ताई तुमाले?” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. दादा कंपाउंडरकडून एकेक प्राणी दोन दिवसांसाठी मागून न्यायचा. त्याच्या मुलीला विनवणी करायचा की माझ्या बहिणीला सांगू नको. ती पोरही कबूल होती. दुकान बंद झाल्यावर मालकाच्या परवानगीने तो उरलेल्या पावडरीतून ते ओतायचा. कारखान्यात ओतायचं मशीन असतं, ह्याच्याकडे दोन बोटं आणि एक चाकू. लग्न झाल्यावर त्याने वहिनीला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, आणि सांगून हसला होता की पोरीला अजून वाटते ते टूथपेस्टमधून निघाले.

“मग त्या दिवशी मला का नाही सांगितलं?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. कोणावर चढला होता कोण जाणे. “मी समोर भोकं पाडत होते, वहिनी! तो बसून बघत होता!”

“म्या इचारलं ना त्याइले घरी आल्यावर. काहून नाई सांगतलं मनून.” वहिनी पुन्हा कणीक मळू लागली. “त मने, तिले तिच्या कामाचा एवढा आनंद होऊन राहिला होता, मंधात कायले बोलू.”

मी तिथेच जमिनीवर बसले. रडू आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि खरं सांगते, एक मारलीही. वहिनी घाबरून उठली. मी तिला म्हटलं, दादाला सांगू नका मला कळलंय म्हणून, मी आले. आणि पिशवी उचलून सरळ स्टँडवर गेले.

अकोटची एसटी लागलेलीच होती. सर घरी होते. मला दारात बघून त्यांना वाटलं, कोणी गेलं की काय. मी सांगितलं तसे ते पटकन उठले, कपाटातून बरणी काढली आणि वर्तमानपत्रावर उपडी केली. शंभर-सव्वाशे नकला, सगळ्यांच्या पोटाला भोकं, माझ्याच नियमाने. त्यातून दादाचे निवडायला मला काही वेळ लागला नाही. पाठीला रेघ नसलेले, गुलगुलीत घासलेले. त्या ढिगात इतकं निगुतीने केलेलं दुसरं काही नव्हतं. सहा निघाले.

“पाच मी वाटले हो मॅडम,” सर म्हणाले. “नवीन लोकांना, नमुना म्हणून.” त्यांच्या चेहऱ्यावर इतका अपराधीपणा होता की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यांनी तिथूनच सगळ्यांना फोन लावले. पुढच्या पंधरवड्यात तीन पोस्टाने परत आले. दोन आलेच नाहीत. एकाने ग्रुप सोडला, फोन उचलत नाही. दुसरा म्हणाला, नकली होता ना, मी टाकून दिला. माझ्याच तोंडचा शब्द तो मला परत देत होता.

नऊ प्राणी घेऊन मी पुन्हा अकोल्याला गेले. बसमध्ये सगळा वेळ माफीची वाक्यं जुळवत होते. दादा पुढच्या खोलीत उन्हाला बसला होता. मी पुडी उघडली आणि त्याच्या ओंजळीत रिकामी केली.

“दादा, वहिनीने मला सांगितलं सगळं.”

“सांगतलं का?” तो म्हणाला. जरासा हसला. बोटाने एकेक चाचपत गेला. “नऊच हायेत.”

“दोन नाही मिळाले रे.”

“कोनते?”

“मासा. आणि उंट.”

“उंट गेला का?” तो म्हणाला. “थ्या उंटानं भल्ला तरास देल्ता मले. मान मोडे लेकाची घडीघडी. चार डाव ओतला.”

मी जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी नुसती त्याच्या गुडघ्याला धरून बसले. त्याचं बोट हत्तीच्या पोटावर आलं होतं, भोकावर. त्याने ते नखाने चाचपलं, दुसऱ्याचंही, तिसऱ्याचंही. मग आत आवाज दिला, “अवं, माही पावडरीची डब्बी आन. न थे शिशी.”

“दादा, नको रे. राहू दे.”

“काहून? कोनाच्या कवळीले तडा गेला त भरून देतोच ना मी.”

वहिनीने डबी आणली. त्याने वाटीत पावडर घेतली, लिक्विडचे थेंब सोडले. तो वास घरभर झाला. माझा दादा, ज्याच्या हाताची मालक तारीफ करायचा, त्याचा हात थरथरत होता. काडीच्या टोकावरचा लगदा भोकात जाण्याऐवजी हत्तीच्या पायावर सांडत होता. तो पुसायचा आणि पुन्हा घ्यायचा. मी म्हटलं, मी करू का, तर म्हणाला, तू गप बस. नऊ भोकं भरायला दुपार गेली. मग त्याने घासायचा कागद घेतला आणि प्रत्येक पोट घासलं, वरचेवर अंगठ्याने तपासत.

“आन तुहं भिंग,” तो म्हणाला. “पाह्य बरं आता. ओळखू येते का?”

मी पर्समधून भिंग काढलं. त्याची गरज नव्हती. जुना गुलाबी इतक्या वर्षांत विटला होता आणि नवीन गुलाबी भडक होता. नऊच्या नऊ पोटांवर ठिपका दिसत होता, लांबून दिसत होता, आणि कडेला गाठी राहिल्या होत्या. मी तरी प्रत्येक प्राणी भिंगाखाली धरला. एकेकावर नेहमीइतका वेळ घेतला. दादा बऱ्या डोळ्याने माझ्या तोंडाकडे बघत होता.

“नाही दादा,” मी म्हटलं. “कुठे भोक होतं ते सांगतासुद्धा येत नाही.”

तो वहिनीकडे वळला. किती वर्षांनी त्याचा चेहरा तसा फुललेला पाहिला. “ऐकलं का?” तो तिला म्हणाला. “हे पोट्टी कोनाले उगाच बरं नाई मनत. हे मनून राहिली त मंग जमलंच असन.”